ब्रेकचे पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जाते, पण ऑइल कुठेच गळत नाही

घंटाळीकर

नमस्कार. माझ्याकडे २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम असून एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) नाही. पावसाळा संपल्यापासून तिच्या ब्रेकमध्ये एक विचित्र दोष जाणवतो आहे. तीन हात नाक्यासारख्या लांबलचक सिग्नलला गाडी उभी असताना पाय ब्रेकवर हलका ठेवला, की पेडल हळूहळू खाली जाऊ लागते आणि साधारण अर्ध्यावर येऊन थांबते. पाय उचलून पुन्हा दाबले की ते पूर्ववत वर आणि घट्ट लागते. चालत्या गाडीत जोरात ब्रेक दाबला तर मात्र काहीही वेगळे वाटत नाही, आणि म्हणूनच घरातील इतरांना माझी शंका अनाठायी वाटते.

टाकीतील ब्रेक ऑइलची पातळी जराही उतरलेली नाही आणि गाडीखाली डाग नाही. एका गॅरेजने चारही चाकांच्या ब्रेक ऑइलमधील हवा काढून दिली, त्याने फरक पडला नाही. दुसऱ्याने बूस्टर (इंजिनच्या ओढीने पायाच्या जोराला मदत करणारा भाग) बदलण्यास सांगितले. तिसऱ्याचे म्हणणे असे की मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा), चाकांचे सिलिंडर आणि लायनर (ब्रेक शूवरचे अस्तर) असे सगळेच एकदम करून घ्यावे. पैसे खर्च करण्यास माझी हरकत नाही; परंतु नेमका दोष कोणत्या भागात आहे हे सिद्ध झाल्याशिवाय भाग बदलणे मला पटत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, साध्या अवजारांनिशी, हे निदान करता येईल का?

कोपरखैरणेकर

निदान होईपर्यंत कृपया ही गाडी रस्त्यावर काढू नये, घोडबंदर रस्त्याला तर मुळीच नाही. गायमुखच्या उतारावर पुढे कंटेनर आणि मागे डंपर असताना पेडल अर्ध्यावर गेले, तर पाय उचलून पुन्हा दाबायला वेळ मिळेलच असे नाही.

एक विचारतो: हे इंजिन चालू असतानाच होते की बंद असतानाही? इंजिन सुरू होताना पेडल थोडेसे खाली जाणे स्वाभाविक असते आणि पुष्कळ लोक त्यालाच दोष समजतात.

जुना_फिटर

कोपरखैरणेकरांचा प्रश्न योग्य आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांच्या गाड्या सांभाळण्यात माझी नोकरी गेली, त्या अनुभवावरून थोडे सविस्तर लिहितो.

'ब्रेक बसतो' या एकाच तक्रारीखाली लोक तीन निरनिराळे दोष सांगतात आणि गॅरेजवालेही तिन्हींवर हवा काढण्याचा एकच उपाय करतात. पहिला दोष म्हणजे पेडल स्पंजासारखे लागणे. ते दाबत गेल्यास दबत जाते, पण एका जागी टिकते. ऑइलमध्ये हवा शिरल्याचे हे लक्षण आहे, कारण द्रव दाबला जात नाही आणि हवा दाबली जाते. दुसरा दोष म्हणजे पेडल खूप खाली जाऊन मगच ब्रेक लागणे आणि दोन-तीनदा पंप केल्यावर ते वर येणे. मागचे ब्रेक शू ड्रमपासून लांब राहिलेले असतात किंवा त्यांचे आपोआप जुळवून घेणारे ॲडजस्टर गंजून अडकलेले असतात, तेव्हा बहुधा असे होते. तिसरा दोष तुमचा आहे: पायाचा दाब तोच असताना पेडल सरकत खाली जाणे. याचा अर्थ दाबलेले ऑइल त्या बंद जागेतून कुठेतरी निसटते आहे. ते बाहेर निसटत असेल तर गळती दिसली पाहिजे, आणि आतल्या आत निसटत असेल तर ते मास्टर सिलिंडरच्या रबरी कपांवरून परत टाकीकडे जात असले पाहिजे.

पातळी उतरलेली नाही, या तुमच्या निरीक्षणाचे महत्त्व एका हिशेबाने कळेल. लहान गाडीच्या मास्टर सिलिंडरचा आतील व्यास साधारण २० मि.मी. असतो असे धरू. म्हणजे पिस्टन १ सें.मी. पुढे गेला, की सुमारे ३ घन सें.मी. ऑइल ढकलले जाते. पेडलच्या तरफेचे गुणोत्तर साधारण ४ धरले, तर तुमच्या पायाखाली पेडल ४ सें.मी. उतरणे म्हणजे दर वेळी एवढे ऑइल आपली जागा सोडून जाणे. ते बाहेर सांडत असते, तर तीन हात नाका ते माजिवडा या अंतरातील सिग्नलांनीच टाकीची पातळी खाली आणली असती.

दुसरी खूण पेडल अर्ध्यावर थांबण्याची. आजच्या मास्टर सिलिंडरमध्ये एकामागोमाग एक असे दोन पिस्टन आणि दोन स्वतंत्र मार्ग असतात. पुढील चाकांवर चालणाऱ्या लहान गाड्यांत ते बहुधा तिरके जोडलेले असतात, म्हणजे एका मार्गावर पुढचे एक चाक आणि त्याच्या कोनातील मागचे चाक. एका मार्गाचा दाब गेला, तर त्याचा पिस्टन सरकत जाऊन टेकतो आणि पुढे दुसऱ्या मार्गावर ब्रेक लागतो. तुमचे अर्ध्यावर थांबलेले पेडल बहुधा या दुसऱ्या मार्गावर उभे आहे.

आता चाचण्या. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना उटी (अडसर म्हणून ठोकळे) लावा. इंजिन बंद ठेवून पेडल पुन्हा पुन्हा दाबा, म्हणजे बूस्टरमधील निर्वात संपून पेडल कडक होईल. मग ते हलक्या पायाने मिनिटभर एकसारखे दाबून धरा. नंतर तेच जोर लावून करा. त्यानंतर पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. या क्षणी पेडल एकदाच किंचित खाली जाऊन थांबले, तर बूस्टर नीट काम करतो आहे असे समजावे. बूस्टर बिघडला की पेडल कडक होते, ते बसत नाही. त्यामुळे दुसऱ्या गॅरेजचे निदान मला पटलेले नाही. हँडब्रेक पूर्ण ओढून पेडलची उंचीही पाहा. ती लक्षणीय वाढली, तर मागच्या शूंमध्ये फट आहे.

शेवटी ओलावा शोधा. ड्रम काढून व्हील सिलिंडरची रबरी टोपी हलकेच उचलून आत पाहा, पुढच्या कॅलिपरच्या (डिस्कला दोन्हीकडून दाबणाऱ्या भागाच्या) टोप्या आणि होज पाईप बघा, आणि ड्रायव्हरच्या पायाखालील गालिचा पेडलच्या बाजूने चाचपा. जे सापडेल ते येथे लिहा.

नेरुळवासी

जुना_फिटर काकांच्या यादीत एका जागेची भर घालावीशी वाटते, कारण आमच्या गाडीत गळती तिथेच होती आणि ती बराच काळ कोणालाही दिसली नाही. आमच्या टाकीतील पातळी सतत उतरत असे आणि तरीही थेंबभर ऑइल बाहेर कुठे आढळत नसे. मास्टर सिलिंडरच्या मागच्या टोकाचे सील गेले होते आणि ऑइल थेट बूस्टरच्या पोटात जमत होते. तिथून इंजिनची ओढ ते खेचून घेत असल्यामुळे सायलेन्सरमधून अधूनमधून पांढरा धूर येई. आम्हाला इंजिनाचेच काम निघाले असे वाटू लागले होते. मास्टर सिलिंडर बूस्टरला धरून ठेवणारे दोन नट ढिले करून तो जरासा पुढे ओढला, तेव्हा मागची बाजू ओली सापडली.

घंटाळीकरांची पातळी उतरत नसल्यामुळे हे त्यांना लागू पडण्याची शक्यता कमी दिसते, तरी तपासायला सोपे आहे.

तुर्भेकर

एवढा खटाटोप कशाला? मास्टर सिलिंडरचे रबर किट अगदी स्वस्तात मिळते. एपीएमसी परिसरातले मेकॅनिक तासाभरात बकेट (पिस्टनवरचे रबरी कप) बदलून देतात. आमच्या टेम्पोंना आम्ही वर्षानुवर्षे हेच करत आलो आहोत.

घंटाळीकर

सर्वांचे आभार. सुचविलेल्या चाचण्या आज केल्या.

इंजिन बंद असतानाही दोष तसाच आहे. हलक्या पायाने धरल्यास पेडल अर्ध्या मिनिटात सरकत अर्ध्यावर येते, पण एकदम जोराने दाबल्यास ते वरच टिकून राहते. पाय ठेवून इंजिन सुरू केल्यावर ते किंचित खाली गेले, म्हणजे बूस्टर सुस्थितीत असावा. हँडब्रेक ओढल्याने उंचीत फरक पडला नाही. दोन्ही ड्रम उघडले. व्हील सिलिंडर कोरडे आहेत आणि लायनर पुरेसे शिल्लक आहे. कॅलिपर, होज पाईप आणि गालिचा सर्व कोरडे आहे. नेरुळवासी यांनी सांगितल्याप्रमाणे मास्टर सिलिंडर पुढे ओढून पाहिला, तिथेही ओलावा नाही.

एक गोष्ट मात्र उलगडत नाही. जोराने दाबल्यावर दाब जास्त असतो, तर गळतीही जास्त व्हायला हवी. येथे नेमके उलटे का घडते?

जुना_फिटर

उलटे घडते हीच मास्टर सिलिंडरची खूण आहे. पिस्टनवरचा रबरी कप सायकलच्या पंपातील कातडी वायसराप्रमाणे काम करतो. त्याची कड पुढच्या बाजूला पसरलेली असते आणि समोरचा दाब जितका अधिक, तितकी ती कड सिलिंडरच्या भिंतीवर अधिक घट्ट बसते. कड झिजली किंवा रबर कडक झाले, तरी जोराच्या दाबाने ती भिंतीला चिकटते आणि ब्रेक ठीक लागतो. हलक्या दाबाला मात्र तिला पसरवण्याइतका जोर नसतो आणि ऑइल कडेवरून मागे झिरपते. त्यामुळे गॅरेजमध्ये गाडी चालवून दोन कचकचीत ब्रेक मारून पाहणाऱ्याला हा दोष सापडत नाही, तो सिग्नलला शांत उभ्या असलेल्या चालकालाच सापडतो.

तरीही एवढ्यावर भाग विकत घेऊ नका, आणखी एक चाचणी बाकी आहे. मास्टर सिलिंडरपासून निघणाऱ्या नळ्या सोडवून त्या जागी पितळी किंवा लोखंडी प्लग बसवा. बहुतेक जपानी घडणीच्या गाड्यांत तिथे १० मि.मी. व्यासाचे आणि १ मि.मी. पिचचे आटे असतात, पण विकत घेण्यापूर्वी आपल्या नळीचा नट दुकानात दाखवून खात्री करावी. नट सोडवताना साधा पाना वापरू नये, कारण त्याने नटाचे कोपरे गोल होतात. फ्लेअर नट पाना वापरावा. प्लग घट्ट बसवून त्यात अडकलेली हवा काढली, की मास्टर सिलिंडरचा चाकांशी संबंध संपतो. आता पेडल अगदी वर आणि दगडासारखे लागले पाहिजे. ते टिकले, तर दोष पुढे कुठेतरी आहे. ते अजूनही सरकले, तर ऑइलला जायला आतल्या मार्गाशिवाय दुसरी वाटच उरलेली नाही.

काही जण याऐवजी चाकांजवळचे होज पाईप पकडीने दाबून एकेक चाक वेगळे पाडतात. त्यासाठी गोल कडांची खास क्लॅम्प मिळते, ती वापरली तर हरकत नाही. साध्या दातेरी पकडीने दहा-बारा वर्षे जुना पाईप दाबला, तर त्याचा आतील थर फाटतो आणि एका दोषाचे दोन दोष होतात.

तुर्भेकरांना सांगावेसे वाटते की किट टाकणे चूक नाही, मात्र ते सिलिंडरच्या आतील भिंतीवर अवलंबून आहे. जुन्या टेम्पोंचे सिलिंडर बिडाचे असत, त्यांना हलके होनिंग (आतून घासून गुळगुळीत) करून नवे रबर चालत असे. आताचे बहुतेक सिलिंडर ॲल्युमिनियमचे असतात आणि त्यांच्या आतील भिंतीवर कठीण थर चढवलेला असतो. तो घासला की सिलिंडर बाद झाला. भिंतीवर खड्डे असतील तर नव्या बकेटची कड थोड्याच काळात पुन्हा कापली जाते. मी स्वतः खासगी गाडीत पूर्ण असेंब्लीच बसवीन. टेम्पो गॅरेजच्या दारातच उभा असतो आणि त्याचा चालक रोज पेडल ओळखतो. खासगी गाडीत ते सुख नसते.

घंटाळीकरांच्या गाडीला दोष हवा काढण्याच्या आधीपासून होता, पण इतर वाचकांसाठी हे लिहून ठेवतो. जुन्या गाडीची हवा काढताना मदतनीस पेडल थेट फरशीपर्यंत दाबतो. एरवी पिस्टन तिथवर कधीच जात नाही, म्हणून सिलिंडरच्या त्या भागात गंज आणि गाळ साठलेला असतो आणि त्यावरून फिरलेला कप त्याच दिवशी कापला जाऊ शकतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला, तर हे टळते.

कोपरखैरणेकर

ऑइलबद्दल विचारायचे होते. आमच्याकडे डॉट ३ दर्जाचे ब्रेक ऑइल भरलेले आहे आणि दुकानदार डॉट ४ घ्या म्हणतो. दोन्ही मिसळले तर चालते का? आणि दोन वर्षांनी ऑइल बदलण्याचा सल्ला खरा की सर्व्हिस सेंटरचा धंदा?

जुना_फिटर

डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही तिन्ही ग्लायकॉल जातीची असल्यामुळे मिसळली तरी रबर खराब होत नाही, फक्त उत्कलनबिंदू मिश्रणाप्रमाणे बदलतो. डॉट ५ मात्र सिलिकोनचे असते, ते या तिन्हींत कधीही घालू नये. टाकीच्या झाकणावर जे लिहिले आहे त्यापेक्षा खालच्या दर्जाचे ऑइल घेऊ नये, वरच्या दर्जाचे चालते.

दोन वर्षांचा सल्ला खरा आहे. हे ऑइल हवेतील पाणी शोषून घेते आणि आपल्याकडे खाडीकाठी चार महिने हवेत पाणीच असते. मानकाप्रमाणे नवे डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळावे लागते, पण सुमारे ३.७ टक्के पाणी शिरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत खाली येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. माळशेज किंवा कसारा घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला तर कॅलिपर एवढे तापू शकतात की पाणी प्यालेले ऑइल उकळते, वाफ होते आणि पेडल एकाएकी पोकळ लागते. गाडी थंड झाली की सगळे ठीक. हा दोष घंटाळीकरांच्या दोषाहून पूर्णपणे वेगळा आहे, त्यांची गाडी थंड असतानाही पेडल सरकते. पण त्याच पाण्याने सिलिंडरच्या आत गंजही धरतो, एवढा संबंध आहे.

उघडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी कपाटात ठेवू नये. आणि ब्रेकचे रबर असलेला कोणताही भाग पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने धुऊ नये, त्याने रबर फुगते. धुवायचे तर ताज्या ब्रेक ऑइलनेच.

घंटाळीकर

चाचणी झाली आणि निकाल लागला. प्लग बसवल्यावर पेडल वर आणि घट्ट लागले. परंतु हलक्या पायाने धरताच ते पूर्वीसारखेच सरकू लागले. चाके, होज आणि नळ्या या सर्वांना बाजूला काढल्यावरही दोष राहिला, त्यामुळे मास्टर सिलिंडरविषयी शंका उरली नाही.

चेसिस क्रमांक दाखवून त्याच क्रमांकाची पूर्ण असेंब्ली ठाण्यातील अधिकृत वितरकाकडून घेतली. बसवण्याचे काम ओळखीच्या मेकॅनिककडून, माझ्यासमोर, करून घेतले. त्यांनी नवा सिलिंडर थेट गाडीवर चढवला नाही. आधी त्याची बसकण बाकपान्यात (बेंच व्हाइसमध्ये) धरून, दोन्ही तोंडांना लहान नळ्या लावून त्यांची टोके टाकीतील ऑइलमध्ये बुडवली आणि बोथट दांड्याने पिस्टन हळूहळू ढकलत बुडबुडे थांबेपर्यंत त्यातील हवा काढली. हे न करता चढवलेल्या नव्या सिलिंडरमध्ये हवा अडकून राहते आणि मग नवा भागच सदोष असल्याचा समज होतो, असे त्यांचे म्हणणे होते. बूस्टरचा दांडा आणि पिस्टन यांमधील फट त्यांनी जुन्याशी ताडून पाहिली. ती फट नाहीशी झाली तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडचे छिद्र झाकलेले राहते आणि ब्रेक आपोआप लागून चाके तापतात.

रंगावर सांडलेले ऑइल लगेच पाण्याने धुतले, कारण ते रंग उचलते.

त्यानंतर चारही चाकांतून जुने, चहाच्या रंगाचे ऑइल काढून नवे डॉट ४ भरले. आता इंजिन बंद असो वा चालू, हलका पाय असो वा जोराचा, पेडल जिथे धरावे तिथे राहते. जुना सिलिंडर उघडून पाहिला तेव्हा मागच्या पिस्टनच्या कपाची कड एका बाजूने झिजून गुळगुळीत झालेली होती आणि तळाशी काळा गाळ होता. तुर्भेकरांसाठी मुद्दाम नमूद करतो की भिंतीवर खालच्या अंगाला नखाला लागतील असे खड्डे होते, म्हणजे किट टिकले नसते.

चाकांच्या क्रमाबद्दल एक शंका राहिली आहे. इंटरनेटवरील बहुतेक चित्रफितींत उजव्या मागच्या चाकापासून सुरुवात करतात, आमच्या मेकॅनिकने डाव्या मागच्यापासून केली.

जुना_फिटर

तुमच्या मेकॅनिकने बरोबर केले. त्या चित्रफिती डाव्या स्टिअरिंगच्या देशांतील आहेत. तिथे मास्टर सिलिंडर डावीकडे, म्हणून सर्वांत लांबचे चाक उजवे मागचे. आपल्याकडे तो उजवीकडे असतो, त्यामुळे लांबचे चाक डावे मागचे. तिरक्या मार्गांच्या काही गाड्यांत कंपनी याहून वेगळा क्रम देते, तेव्हा गाडीच्या मॅन्युअलमधला क्रम पाळावा.

काम नीट झालेले दिसते. पहिले काही दिवस टाकीची पातळी आणि नळ्यांचे नट सकाळी एकदा पाहत जा.

पामबीच_प्रवासी

माझ्या २०२० च्या गाडीतही हेच लक्षण आहे, मात्र तिला एबीएस आहे. मीही मास्टर सिलिंडरच बदलावा का?

जुना_फिटर

लगेच नको. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले, त्यामुळे हा प्रश्न यापुढे पुष्कळांना पडणार आहे. एबीएसच्या मॉड्युलेटरमध्ये (चाकांकडे जाणारा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागात) प्रत्येक चाकाचा दाब सोडून देणारा एक झडपवजा भाग असतो. त्याच्या बैठकीत कचरा अडकला आणि तो पूर्ण मिटला नाही, तर दाबलेले ऑइल त्या वाटेने आतल्या आत निसटते आणि पेडल हुबेहूब घंटाळीकरांच्या गाडीसारखे सरकते. बाहेर गळती नाही, पातळी उतरत नाही, सगळे तेच.

म्हणून तुमच्यासाठी प्लगची चाचणी अधिकच आवश्यक आहे. प्लग लावूनही पेडल सरकले, तर मास्टर सिलिंडर बदला. प्लग लावल्यावर ते टिकले आणि नळ्या परत जोडल्यावर सरकू लागले, आणि चारही चाके कोरडी असतील, तर संशय मॉड्युलेटरवर जातो. त्या स्थितीत आधी स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचे यंत्र) लावून झडपा चालवत संपूर्ण ऑइल बदलून पाहावे, कारण कचरा निघून गेला तर महागडा भाग वाचतो. मॉड्युलेटरमध्ये अडकलेली हवाही स्कॅनरशिवाय पूर्ण निघत नाही, त्यामुळे स्कॅनर नसलेल्या गॅरेजमध्ये हे काम देऊ नका. तोवर गाडी पार्किंगमध्येच राहू द्या, आणि चाचणीत हलक्या व जोराच्या पायाने काय वेगवेगळे घडले तेही लिहा.